चिठ्ठीत ज्यांचं गाव निघालं नाही

'प्रयोग' हा शब्द कानावर पडला की आपल्या चळवळीतल्या बाईच्या कपाळाला आठी पडते. ती उगाच पडत नाही. १९८५ साली हैदराबादजवळच्या पटनचेरूच्या आरोग्य केंद्रात नेट-एन या संततिप्रतिबंधक इंजेक्शनची चाचणी चालली होती, तेव्हा तिथे आलेल्या बायकांना आपल्यावर चाचणी होते आहे हेच धड सांगितलेलं नव्हतं. स्त्री शक्ती संघटना, सहेली आणि इतर मैत्रिणी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या त्यामुळे. पुढे २००९-१० मध्ये खम्मम आणि बडोदा जिल्ह्यांत शाळकरी मुलींना एचपीव्हीची लस टोचली गेली. तिला चाचणी म्हणायचं टाळून 'प्रात्यक्षिक प्रकल्प' असं गोंडस नाव दिलं होतं. वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रकांवर आईबापांच्या जागी वॉर्डनच्या सह्या निघाल्या, आणि २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले.

हा संशय आपण कष्टाने कमावलेला आहे. तो टाकून द्या असं मी म्हणणार नाही. पण नुसत्या संशयावर भागत नाही असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. एखाद्या चाचणीची आखणी कशी झाली, तिचा अहवाल काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आपल्याला वाचता आलं पाहिजे. नाहीतर 'आमच्या बायका म्हणजे काय गिनिपिग?' एवढा एकच प्रश्न आपण विचारत राहणार आणि समोरचे डॉक्टर 'तुम्हाला विज्ञान कळत नाही' असं म्हणून मोकळे होणार. म्हणून आपल्या उंबऱ्यावरचीच एक चाचणी घेऊ.

गाव उस्मानाबादचं, म्हणजे आताच्या धाराशिवचं. लातूर जिल्हा १९८२ पर्यंत उस्मानाबादचाच भाग होता, आणि आजही लातूरच्या कितीतरी घरांत बाईचं माहेर तिकडचं आणि सासर इकडचं असतं. कॅन्सर म्हटलं की आपल्याकडे 'बार्शीला न्या' असं म्हणतात. त्याच बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने, मुंबईच्या टाटा रुग्णालयाने आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्रान्समधल्या कॅन्सर संशोधन संस्थेने मिळून १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठी चाचणी सुरू केली. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. प्रश्न साधा होता. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, ज्याला आपल्याकडे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात, तो वेळेत शोधायला खेड्यात कोणती तपासणी उपयोगी पडेल?

गावांचे ५२ गट केले. त्यांत ३० ते ५९ वयाच्या, आजाराची काही तक्रार नसलेल्या १,३१,७४६ बायका होत्या. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे हे गट चार ढिगांत वाटले, प्रत्येकी तेरा. पहिल्या ढिगातल्या बायकांची एकदा एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यातल्यांची पॅप स्मीअर, तिसऱ्यातल्यांची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहायची तपासणी. चौथ्या ढिगातल्यांना तपासणी देऊ केली नाही. त्यांना नेहमीची आरोग्यसेवा, म्हणजे जी काय होती ती. इंग्रजीत याला नियंत्रण गट म्हणतात. मी 'तुलनेचा गट' म्हणेन, कारण नियंत्रण तर त्या बायकांच्या हातात काहीच नव्हतं.

चिठ्ठ्या कशाला? गावं डॉक्टरांनी निवडली असती तर डांबरी रस्त्यावरची निवडली असती. बायका आपणहून आल्या असत्या तर शिकलेल्या, हातात चार पैसे असलेल्या, ज्यांचा नवरा 'जा' म्हणतो अशा आधी आल्या असत्या. त्या तशाही जास्त जगतात. मग तपासणीने जीव वाचला की रस्त्याने आणि पैशाने, हे कुणालाच सांगता आलं नसतं. चिठ्ठी जात विचारत नाही, वस्ती विचारत नाही. आपल्या समाजात इतकं निःपक्षपाती दुसरं काही सापडणं कठीणच. अट एकच, की चिठ्ठी काढणाऱ्याला आत काय आहे ते आधी कळता कामा नये, आणि निघालेली चिठ्ठी कुणा पुढाऱ्याच्या फोनवरून बदलता कामा नये. अहवालात हे कसं सांभाळलं ते लिहिलेलं असतं. नसेल तर पुढचं वाचताना सावध राहावं.

आता निकाल. आठ वर्षं या बायकांच्या जगण्या-मरण्याची नोंद ठेवली गेली आणि एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकी साप्ताहिकात तो अहवाल छापून आला. तुलनेच्या गटात ३१,४८८ बायका होत्या. त्यांतल्या ६४ पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने गेल्या. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ होत्या. त्यांतल्या ३४ गेल्या. पॅप स्मीअरच्या गटात ५४ आणि व्हिनेगरच्या गटात ५६.

इथे थोडं थांबू, कारण वाचायला शिकायचं ते इथेच. या अहवालात कॅन्सरचे रोगीही मोजले आहेत. एचपीव्हीच्या गटात १२७ बायकांना कॅन्सर निघाला आणि तुलनेच्या गटात ११८ जणींना. तेवढाच आकडा कुणी उचलला तर तपासणीने कॅन्सर वाढला असं म्हणेल! पण शोधायला गेलं की सापडणारच. फरक आहे तो कधी सापडला याचा. पुढच्या टप्प्याला गेलेले कॅन्सर एचपीव्हीच्या गटात ३९ होते आणि तुलनेच्या गटात ८२. म्हणून कोणती गोष्ट मोजायची हे चाचणी सुरू होण्याआधी ठरवून जाहीर करावं लागतं. आधी मोजायचं आणि मग त्यातला सोयीचा आकडा मथळ्यात घालायचा, हा जगभरचा जुना धंदा आहे. तो रोखायला म्हणून चाचण्यांची आगाऊ नोंदणी आली आणि अहवाल कसा लिहावा याची कन्सॉर्ट नावाची तपशीलवार यादी १९९६ पासून आली. ती वेळोवेळी सुधारली गेली, अगदी २०२५ मध्येही.

दुसरं म्हणजे न आलेली बाई. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ जणींपैकी तपासणीला प्रत्यक्ष २७,१९२ आल्या. शंभरातल्या वीसजणी आल्या नाहीत. कुणाची खुरपणी होती, कुणाला लाज वाटली, कुणाला घरच्यांनी सोडलं नसेल. पण वर दिलेल्या ३४ मृत्यूंत या न आलेल्या बायकांचे मृत्यूही धरलेले आहेत. त्यांना गाळलं असतं तर तपासणी अजून छान दिसली असती. गाळायचं नाही, ज्या गटाची चिठ्ठी निघाली त्याच गटात प्रत्येकीला शेवटपर्यंत मोजायचं, असा संख्याशास्त्राचा नियमच आहे. मला हा नियम फार आवडतो. सरकारी शिबिरांच्या अहवालात फक्त 'लाभार्थी' असतात. जिला येता आलं नाही तिला मोजणारा कागद मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

तिसरं, 'मृत्यू निम्म्यावर आले' ही बातमी. ती खरीच आहे. पण हिशेब असाही मांडता येतो, की आठ वर्षांत हजार बायकांमागे दोन मृत्यू होत होते, ते तपासणीमुळे एकावर आले. दोन्ही वाक्यं एकाच आकड्यांतून निघतात, पण कानाला वेगळी लागतात. औषध विकणारा नेहमी पहिलं वाक्य म्हणेल. आपण दुसरंही मागावं. आणि 'निम्म्यावर' हाही एक अंदाज आहे. अहवालच सांगतो की खरी घट सतरा टक्क्यांपासून सदुसष्ट टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकेल.

हजारातल्या दोनचा हा हिशेब आपल्या मराठवाड्यात किती कामाचा आहे पाहा. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी देशभर गाजली. शासनाच्या समितीपुढे जी पाहणी आली तिच्यात सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती, आणि त्यांतल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. अंगावरून पांढरं जातं म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या बाईला 'पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल' असं सांगितलं जातं. लातूर-नांदेडच्या बैठकांतही हे वाक्य आपण शंभरदा ऐकलेलं आहे. त्याला उत्तर उस्मानाबादच्या त्या तुलनेच्या गटात आहे. तिशी ते साठीच्या, तपासणी देऊ न केलेल्या बायका, आठ वर्षांत कॅन्सर झाला तो हजारात चारहून कमी जणींना. ज्यांना अंगावर अवेळी जातंय, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसतंय त्यांनी तपासून घ्यायलाच हवं. पण नुसत्या पांढऱ्या पाण्यावर तिशीतल्या बाईचा अवयव काढायला कॅन्सरची भीती हे कारण होत नाही. हा आकडा छापील आहे, आणि तो आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या बायकांनी आपल्या जिवावर दिलेला आहे.

'जिवावर' हा शब्द मी जपून वापरते आहे. चौथ्या गटातल्या ६४ बायका गेल्या. उस्मानाबाद, तामिळनाडूतलं दिंडीगुल आणि मुंबईच्या झोपडपट्ट्या, अशा तीन ठिकाणी त्या सुमारास अशाच चाचण्या झाल्या. तिन्हीकडच्या तुलनेच्या गटांत मिळून १,३८,६२४ बायका होत्या आणि त्यांतल्या २५४ पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने गेल्या. एरिक सुबा नावाच्या अमेरिकी डॉक्टरने हा हिशेब मांडून विचारलं, की तपासणीने जीव वाचतात हे कित्येक वर्षं माहीत असताना इतक्या बायकांना तपासणीविना का ठेवलं? मुंबईच्या अभ्यासाला अमेरिकी सरकारचा पैसा होता, म्हणून तिथल्या सरकारी कार्यालयाकडे तक्रार गेली, आणि बायकांना संमतीच्या वेळी दिलेली माहिती अपुरी होती असं त्या कार्यालयाने म्हटलं.

संशोधकांचं उत्तर असं, की इथे तपासणी नव्हतीच. कुणाच्या तोंडचं काढून घेतलेलं नाही, नेहमीची सेवा चालूच होती. हे उत्तर ऐकून माझा जीव तडफडतो. 'नेहमीची सेवा' म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. आरोग्य केंद्राला कुलूप आणि बाईची दुखणी अंगावर काढणं. सरकारने जे दिलं नाही तेच विज्ञानाचं मोजमाप ठरवायचं, तर ज्या जिल्ह्यात दुरवस्था जास्त तिथे चाचणी जास्त सोयीची होते. मराठवाडा मग कायमच सोयीचा.

आणि तरीही त्या गटाशिवाय चाचणी झाली असती तर बरं झालं असतं, असं मला म्हणता येत नाही. ५४ आणि ५६ हे आकडे परत पाहा. पॅप स्मीअर आणि व्हिनेगर, दोन्ही तपासण्या आपण आनंदाने मागितल्या असत्या, मोर्चे काढून मागितल्या असत्या. ६४ हा आकडा शेजारी नसता तर त्या एकदाच करून उस्मानाबादेत ठोस फरक पडला नाही हे आपल्याला कळलंच नसतं. (दिंडीगुलला व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यू ३५ टक्के कमी झाले, मुंबईला दर दोन वर्षांनी केल्यावर ३१ टक्के. एकाच चाचणीवर शपथ घेऊ नये ती यासाठी.) निरुपयोगी सेवा हीसुद्धा बाईची फसवणूकच असते.

माझं म्हणणं असं आहे. चिठ्ठी हा अन्याय नाही. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांच्या पदरात काय पडतं, चाचणी चालू असताना आणि निकाल लागल्यावर, तिथे अन्याय व्हायचा की नाही ते ठरतं. त्या बायकांना काय सांगितलं, कोणत्या भाषेत सांगितलं, तालुक्याला स्मीअर कुठे होते हे सांगितलं का, एसटीचं भाडं कोण देणार होतं, आणि तपासणीचा फायदा दिसल्या दिवशी पहिली गाडी त्यांच्या गावांत गेली का, हे सगळं अहवालात छापलं पाहिजे. आज नियम असा की तुलनेच्या गटाला काय मिळालं हे लिहावं. 'नेहमीची सेवा' हे दोन शब्द लिहिले की नियम पाळला जातो. मला तिथे एक अख्खा परिच्छेद हवा आहे.

संमतीचंही असंच. गावंच्या गावं चिठ्ठीत घालतात तेव्हा सरपंचाची परवानगी घेतली की काम झालं असं समजायचा मोह होतो. सरपंच गाव देऊ शकतो, गावातल्या बाईचं अंग देऊ शकत नाही. आणि बाईला नुसतं 'तपासणी करू' एवढं सांगून पुरत नाही. उस्मानाबादेत तपासलेल्या शंभरातल्या दहा जणींत एचपीव्ही विषाणू निघाला. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. बहुतेक बायकांच्या अंगातून वर्षा-दोन वर्षांत तो आपोआप जातोही, आणि त्याचा बाईच्या चालचलणुकीशी काडीचा संबंध नाही. पण घरी जाऊन 'मला विषाणू निघाला' म्हटल्यावर काय होतं ते मोजायचा रकाना चाचणीच्या मुख्य तक्त्यात नसतो. तो रकाना कसा असावा हे डॉक्टरांना सुचणार नाही. ते आपणच सांगावं लागेल.

नांदेडच्या मैत्रिणी म्हणतील, आमचं काय? तुमचं नाव आहे, पण वेगळ्याच चाचणीत. २००४ च्या सुमारास महाराष्ट्र सरकारने जागतिक बँकेच्या साथीने ठरवलं, की गावांत चिठ्ठ्या टाकून संडासांची मोहीम राबवायची आणि पोरांच्या वाढीवर काय परिणाम होतो ते पाहायचं. जिल्हे ठरले अहमदनगर, नांदेड आणि नंदुरबार. प्रयोग झाला फक्त अहमदनगरला. तिथे मोहिमेच्या गावांतली पोरं उंचीने सरस निघाली, ज्यांच्या घरी संडास झाला नाही त्यांचीसुद्धा, कारण शेजारणीची घाण कमी झाली की आपल्याही पोराची हगवण कमी होते. नांदेडला मोहीम कागदावर राहिली. मात्र जेफ्री हॅमर आणि डीन स्पीअर्स या अभ्यासकांनी, जिथे प्रयोग व्हायचा होता पण झाला नाही त्या जिल्ह्यांतलीही माहिती गोळा झाली होती असं सांगून ती अहवालात मांडली. हे फार क्वचित होतं. ज्या जिल्ह्याचं प्रशासन धड चालतं तिथे चाचणी पार पडते, आणि मग तिचा निकाल 'महाराष्ट्रात सिद्ध झालं' म्हणून आपल्यावर लावतात. आपल्याकडे त्याच काळात पहाटे गोदरीवर बसलेल्या बायकांवर शिट्ट्या वाजवणारी गुड मॉर्निंग पथकं आली. त्यांची चाचणी कुणी घेतली नव्हती.

उस्मानाबादच्या निकालाकडे परत येते. २००९ मध्ये तो छापला गेला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्हीची तपासणी हीच पहिली पसंती असं सांगितलं. भारत सरकारने २०१६ मध्ये दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी करायची असं ठरवलं होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीच्या बायकांना विचारलं, की पिशवीच्या तोंडाची तपासणी कधी झाली का? देशभरात शंभरातल्या दोघींचीही झालेली नव्हती. म्हणजे चाचणी संपून दहा वर्षं उलटली तरी आपण सगळ्याजणी त्या चौथ्या गटातच होतो.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका मोठ्या रुग्णालयात पिशवीच्या तोंडाच्या आजाराची सुरुवात झालेल्या बायकांना पुरेसा उपचार न देता नुसतं पाहत ठेवलं होतं. ती चिठ्ठीची चाचणी नव्हती, तिला आखणीच धड नव्हती. ते उघडकीला आणलं सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोन स्त्रीवादी बायकांनी, १९८७ साली. त्यांच्या हाती आधार होता तो तीन वर्षांपूर्वी एका वैद्यकीय मासिकात छापलेल्या लेखाचा. तो कितीतरी डॉक्टरांनी वाचलेला होता. या दोघींनी तो वाचताना त्यातल्या बायका मोजल्या.

आपल्याकडे हे काम कुठून सुरू करता येईल? नांदेडला शंकरराव चव्हाण शासकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख संस्था आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय आहे. संशोधन करणाऱ्या प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती असावी लागते, आणि वैद्यक परिषदेच्या नियमांप्रमाणे तिच्यात डॉक्टर नसलेल्या, समाजातल्या सामान्य व्यक्तीचीही जागा असते. त्या जागेवर कोण बसलं आहे, ते तिघीचौघींनी जाऊन विचारावं आणि नावं लिहून आणावीत. दुसरं, २००७ पासून दिल्लीला चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे आणि जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांना तिच्यात आगाऊ नोंद सक्तीची आहे. ती कुणालाही फुकट पाहता येते. कोणत्या गावी, कोणत्या दवाखान्यात चाचणी आहे, तुलनेच्या गटाला काय देणार, हे तिथे लिहिलेलं असतं. भाषा इंग्रजी आहे, तेव्हा कॉलेजात जाणारी एखादी मुलगी बरोबर घ्यावी आणि आधी आपल्या जिल्ह्याचं नाव शोधावं.